मायक्रोफायबर टॉवेल पाणी शोषेना: माझा अनुभव

धुतलेल्या काळ्या गाडीवर मायक्रोफायबरचा (अतिबारीक कृत्रिम तंतूंचा) टॉवेल फिरवला की पाणी टिपलं न जाता नुसतं पसरायचं. वाळल्यावर पांढरे डाग. गाडी धुण्याचा शाम्पू बदलला, नवा जाड टॉवेल आणला, काही धुण्यांत तोही तसाच. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

दोष कपड्यांच्या कंडिशनरचा निघाला. घरच्या कपड्यांबरोबर धुताना त्याचा थर तंतूंवर बसत होता.

आधी टॉवेल ४० अंशांच्या पाण्यात लिक्विड डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवले. मग मशीनमध्ये फक्त तेच, सुती कपडा एकही नाही (त्याची लव चिकटते), कंडिशनरचा कप्पा रिकामा. दोनदा जास्त खळबळून सावलीत वाळवले. दुसऱ्या धुण्यानंतर पाणी पुन्हा शोषलं जाऊ लागलं. आता टॉवेल किंचित ओलसर करून बॉनेटवर पसरतो आणि न दाबता अलगद ओढतो.