कागदाचं नॉर्मंडी: कटर उचलायच्या आधी काय काय हाताशी हवं

पुढच्या महिन्यात घरी १९४४ चं नॉर्मंडी (दुसऱ्या महायुद्धातली फ्रान्समधली लढाई, टेबलावर खेळायची) मांडायचंय, सहा बाय चार फुटांचं टेबल (म्हणजे डायनिंग टेबल आणि त्यावर प्लायवूड, खोटं कशाला बोलू), २८ एमएमच्या मिनी (म्हणजे छोटे सैनिक) आणि गाव अख्खं कागदाचं, पीडीएफची प्रिंट मारून कापून चिकटवलेलं. तिघाचौघांनी वेगवेगळं विचारलं की काय काय आणून ठेवू, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे कटर बाजूला ठेवा, एक मिनी आणि एक पट्टी घ्या. २८ एमएम म्हणजे साधारण १/५६, खऱ्याच्या छप्पन्नाव्या हिश्शाएवढं, खरं २ मीटरचं दार त्यात ३६ मिलिमीटर येतं, पण आपला सैनिक २-३ मिलिमीटरच्या बेसवर उभा असतो त्यामुळे ते दार बुटकं दिसतं, ४० च्या आसपास असलं की डोळ्याला बरं वाटतं. म्हणून फाइल घेतली की दाराचं पान आधी साध्या कागदावर ब्लॅक अँड व्हाइट काढायचं आणि मिनीच्या मागे धरून बघायचं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे, वाघ मावळ्याएवढा, कुणाची काही तक्रार नसायची, पण इथे मिनी खिडकीतून दिसते का नाही यावरून भांडणं होतात हो. तुमच्याकडे १/७२ चे प्लास्टिकचे सैनिक असतील तर २८ ची फाइल ७८ टक्क्यांवर काढा, १५ एमएम असेल तर ५६ टक्के. फक्त एक लक्षात ठेवा, प्रिंट लहान होते, कार्डाची जाडी नाही होत, त्यामुळे जिथे खाच असेल तिथे खाच थोडी रुंद कापावी लागते आणि चिकटवायच्या पट्ट्या इतक्या बारीक होतात की बोटात मावत नाहीत.

आता प्रिंट. इथेच सगळ्यात जास्त वाट लागते. बऱ्याच फाइली अमेरिकन लेटर साइजच्या असतात, २१६ मिलिमीटर रुंद, आणि आपला ए४ आहे २१०. दुकानातला पोरगा सवयीने 'फिट टू पेज' करतो, म्हणजे सगळं ९७ टक्क्यांवर येतं, ऐकायला काहीच नाही, पण २० सेंटीमीटरची भिंत १९.४ होते. मागच्या वर्षी माझ्या भिंतींची पानं एका दुकानातून अशी आली आणि छताची पानं दुसऱ्या दिवशी ऑफिसशेजारच्या दुकानातून बरोबर शंभर टक्क्यांवर, मी काही न मोजता दोन संध्याकाळ बसून कापलं, आणि छत घरावर ठेवलं तर बापाचा शर्ट पोराला घातल्यासारखं, चारी बाजूंनी लोंबतंय. तेव्हा 'अॅक्चुअल साइज' तोंडाने सांगा, स्क्रीनवर स्वतः बघा, आणि पहिलं पान बाहेर आलं की तिथेच काउंटरवर पट्टी लावा, बहुतेक फाइलींमध्ये मोजायची एक रेघ दिलेली असते. लाजायचं नाही. एका घराची सगळी पानं एकाच ठिकाणी, एकाच वेळी काढा. फाइलमध्ये लेयर असतील (दगडी भिंत की गिलावा, शटर हिरवं की निळं) तर ते घरी कॉम्प्युटरवर निवडून नवी पीडीएफ करून न्या, मोबाइलवर बहुतेक वेळा लेयर चालू-बंदच करता येत नाहीत. आणि व्हॉट्सॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवली की विटा जातात आणि नुसता तांबडा लगदा उरतो.

कार्ड २०० ते २५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) पुरे, त्याच्यावर गेलात तर घडीवर फुटतं आणि साधे प्रिंटर ओढतही नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर जरा जास्तच घ्या, एका घराला पाच-सहा पानं धरा, त्यात दोन तरी वाया जातात. पान हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा, एका दिशेने सहज वाकतं, तो त्याचा धागा, जमलं तर लांब घड्या त्या दिशेने येतील असं बघा. इंकजेट की लेझर हा वाद कायमचा आहे. इंकजेटचा रंग छान पण ओला गम लागला की पसरतो, लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही पण घडीवर तडकून पांढरी रेघ सोडतो. मी लेझर घेते आणि घड्यांवर नंतर रंग लावते. इंकजेट असेल तर रात्रभर सुकू द्या, मग मॅट वार्निशचा स्प्रे हातभर लांबून, पातळ, दोनदा. पावसाळ्यात मात्र हा स्प्रे मारू नका, हवेतल्या ओलीने वर दुधाळ साय येते, माझं एक अख्खं धान्याचं कोठार तसं धुक्यात गेलं.

हत्यारं फार नाहीत. स्नॅप ब्लेडचं कटर आणि ब्लेडचं भरपूर पाकीट, स्टीलची पट्टी (प्लास्टिकची पट्टी ब्लेडच सोलून काढतं), कटिंग मॅट, चिमटा, आणि एक संपलेलं बॉलपेन. हे बॉलपेन फेकू नका! घडी घालायच्या आधी पट्टी लावून त्याने रेघ दाबायची, मग कार्ड आपणहून कडक कोनात दुमडतं. खिडक्या आधी कापायच्या, बाहेरची कड शेवटी, कारण कड कापून झाली की धरायला काही उरत नाही. एका दमात जोर लावून कापू नका, तीन वेळा हलक्या हाताने.

आणि कडा रंगवा. कार्डाचं घर 'कागदाचं' दिसतं ते प्रिंटमुळे नाही, कापलेल्या पांढऱ्या कडेमुळे दिसतं. राखाडी आणि तपकिरी अशी दोन स्केचपेनं घ्या, काळं नको, काळ्याने घर कार्टूनसारखं होतं. पेनाचं टोक आडवं धरून कडेवरून मागच्या बाजूने ओढायचं म्हणजे पुढच्या चित्रावर येत नाही, आणि हे सगळं चिकटवायच्या आधी, नंतर तिथे पेन पोचत नाही.

नुसतं कार्ड दोन-तीन खेळांत पोचे पडून मऊ होतं, त्यामुळे भिंतींच्या आत ५ मिलिमीटर फोमबोर्ड (दोन कागदांच्या मधे फोम) घालते. कोपऱ्यावर फोमची ५ मिलिमीटरची पट्टी खरवडून काढायची, बाहेरचा कागद तसाच ठेवायचा, म्हणजे दोन भिंती एकमेकींवर बसतात आणि मधला पांढरा फोम दिसत नाही. सनबोर्डही (प्लास्टिकचा कडक बोर्ड) चालतो, टिकाऊ आहे, पण कापताना मनगट जातं. मोठ्या पृष्ठभागाला ग्लूस्टिक, सांध्यांना फेविकॉल, तेही बोटाने पुसून पातळ, जाड थर दिला की कार्डाला सुरकुत्या. वासाचा पिवळा रबर गम फोमला लावू नका, फोम विरघळतो, खड्डे पडतात. भिंतीला एकाच बाजूने कागद चिकटवला तर सुकताना पापडासारखी वाकते, म्हणून मागूनही एक साधा कागद चिकटवून वर जाड पुस्तकं, रात्रभर. छत चिकटवायचं नाही, नुसतं ठेवायचं, आत सैनिक ठेवणार कसे नाहीतर. घर पंख्याने सरकत असेल तर तळाला आतून दोन-चार लोखंडी वायसर.

फाइल निवडताना एवढं बघा की ते नॉर्मंडी दिसतंय का, कारण 'युरोपियन व्हिलेज' म्हणून काहीही विकतात. काँ (Caen) शहराच्या बाजूला पिवळसर चुनखडीचा दगड आणि वर राखाडी स्लेट, पेई द'ओज या नॉर्मंडीतल्याच भागाकडे गेलं की लाकडी चौकटीची घरं. दोन्ही एकाच गल्लीत कोंबू नका. चर्च एक हवंच. आणि बोकाज, म्हणजे शेतांमधले मातीचे बांध आणि त्यावरची दाट झुडपं, हे मात्र कार्डावर छापून आणू नका, अगदीच चपटं दिसतं, आणि त्याच्याशिवाय १९४४ चा उन्हाळा होतच नाही, बांधावर चढला की रणगाड्याचं पोट उघडं पडायचं म्हणून कलिन नावाच्या अमेरिकन सार्जंटने रणगाड्याच्या तोंडाला बांध फोडायला लोखंडी सुळे लावायची युक्ती काढली होती. तर बांध फोमबोर्डच्या तुकड्यांचा, वर भांडी घासायचा हिरवा स्क्रबर फाडून, एकूण उंची ५-६ सेंटीमीटर ठेवा म्हणजे पलीकडचा सैनिक खरंच दिसत नाही.

विकत घेतलेली फाइल स्वतःसाठी कितीही वेळा छापा, ग्रुपवर टाकू नका, बनवणारा बहुतेक एकटाच माणूस असतो.

शेवटी ठेवायची जागा आधी रिकामी करा. साडीची खोकी उत्तम, घरं बसतात, छतं वेगळी सपाट राहतात. त्यात दोन डांबरगोळ्या टाका, कसरीला कागद आणि खळ दोन्ही आवडतात. चर्चचा मनोरा कुठल्याच खोक्यात मावत नाही, तो मी कपाटावर उभा ठेवते, आणि सासूबाई दर शनिवारी त्यावरची धूळ झटकतात.