जपानच्या खेड्यात संसार थाटताय? मग आधी कचरा शिका

टोकियोत निशी-कासाईला, म्हणजे भारतीयांच्या वस्तीत, राहणाऱ्यांचे अनुभव वाचून इकडे येऊ नका, तिथे डाळ, हिंग, कणीक सगळं हाताशी मिळतं. आम्ही नागानो प्रांतात, इना खोऱ्यात, दोन्हीकडे डोंगर आणि किराणा गाडीने पंधरा मिनिटांवर. डाळी-मसाले ऑनलाइन मागवायचे आणि कोथिंबीर घरीच लावायची, उन्हाळ्यात छान येते.

घर लागलं की 14 दिवसांच्या आत याकुबात म्हणजे गावच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा, सगळ्यांची रेसिडेन्स कार्डं न्यायची, पोरांचीपण. तिथेच कचऱ्याचं कॅलेंडर मागा आणि फ्रीजवर लावा. मी हसण्यावारी नेलं होतं. आमच्याकडे पिशव्या ठरलेल्या, विकतच घ्यायच्या, वर आडनाव लिहायचं आणि सकाळी आठच्या आत नाक्यावर नेऊन कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून वर जाळी नीट ओढून ठेवायची, आदल्या रात्री नाही. मी लोणच्याची तेलकट पाकिटं प्लास्टिक कचऱ्याच्या पिशवीत टाकली, तर पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडली, वर आमचं आडनाव, म्हणजे अख्ख्या वाडीला कळलं की हळद कुणाकडे खातात! धुऊन स्वच्छ होत नसेल तर ते जळणाऱ्या कचऱ्यात. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, दुधाचं खोकं धुऊन कापून सपाट करून वाळवायचं. शेजारच्या आजींनी माझ्यासमोर कात्रीने कापून दाखवलं तेव्हा डोक्यात शिरलं.

शेजाऱ्यांना पहिल्या एक-दोन दिवसांतच भेटा, समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची एकेक असा जुना हिशोब आहे. छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा बॉक्स पुरतो. मग कायरानबान येईल, म्हणजे घरोघरी फिरणारी नोटिसांची फाइल, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी लगेच पोचवायची, वाचता येत नसेल तर मोबाइलने भाषांतर करा पण अडवून ठेवू नका. त्यातच सगळ्यांनी मिळून करायच्या गवतकापणीची तारीख असते. रविवारी सकाळी असते, वैताग येतो, तरी जा.

गाडीशिवाय इथे जगणं नाही. भारतातून आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा, इथे आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, तेवढ्यात भारतीय लायसन्स बदलून जपानी करून घ्या. त्यासाठी, भारतात लायसन्स मिळाल्यावर तिथे किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून जुने पासपोर्ट फेकू नका. ऑक्टोबर 2025 पासून या बदलाची लेखी परीक्षा कडक झालीये, 10 प्रश्नांच्या जागी 50 आणि त्यातले 45 बरोबर हवेत. गाडी केई म्हणजे छोटी घ्या, 660 सीसीची, पिवळ्या नंबरप्लेटची, टॅक्सही कमी आणि शेतातल्या बोळांत मावते. बर्फाचे टायर मात्र डिसेंबरच्या आधी बदलून ठेवा, पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये रांग.

हिवाळ्याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. जुन्या घरांत भिंतीतून गारठा येतो, बाहेर शून्याखाली आणि बाथरूममध्ये जेमतेम त्याच्या वर. रॉकेलचा हीटर लागतो, 18 लिटरचे लाल कॅन पेट्रोल पंपावर भरून आणायचे आणि हीटर चालू असताना मधूनमधून खिडकी उघडायचीच, आळस नको, जिवाशी खेळ आहे. कडाक्याची थंडी सांगितली असेल त्या रात्री गोठू नये म्हणून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, त्याला मिझुनुकी म्हणतात. त्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा, आम्ही जानेवारीत रात्री अकराला टॉर्च घेऊन शोधत होतो.

शाकाहारी असाल तर शाळेच्या जेवणाचा विषय आधीच काढा. महिन्याचा मेनू येतो पण सूपमधली दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, त्यात दिसत नाही, बऱ्याचदा ती वाळवलेल्या माशाची असते. ॲलर्जी म्हटलं की पटकन कळतं, 'आम्ही खात नाही' म्हटलं की बाई गोंधळतात, तरी खोटं सांगू नका, काय चालतं काय नाही याची जपानीत यादी करून द्या आणि घरून डबा आणू का विचारा. आमच्या मुलाचा डबा मान्य झाला, आता त्याच्या बटाट्याच्या भाजीवर वर्गाचा डोळा असतो.

आणि शेजाऱ्यांकडून दारात न सांगता पांढरे मुळे येतील, मातीसकट, चार-चार, कुणी ठेवले तेही लगेच कळत नाही. पराठे करा, किसून कोशिंबीर करा, पण काहीतरी परत द्यायचं, आपल्याकडे डबा रिकामा पाठवत नाहीत ना तसंच. फार मोठं दिलंत तर ते परत त्याहून मोठं घेऊन येतात. शंकरपाळी उत्तम. चकली नको, आमच्या वाडीत सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, दातांचा प्रश्न येतो.