स्टाफ तिकिटावर घरच्यांना पाठवताय? या चुका टाळा

माझा नवरा गेली १९ वर्षं विमान दुरुस्तीच्या कामात आहे. स्टाफ तिकीट म्हणजे विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना मिळणारं सवलतीचं तिकीट. "तुम्हाला काय, फुकटात फिरता!" हे आम्ही प्रत्येक लग्नकार्यात ऐकतो. फुकट काही नसतं. आयडी-९० नावाचं स्टाफ तिकीट म्हणजे मूळ भाड्यावर ९० टक्के सूट. कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं भरावं लागतं. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं तर झेड भाडं, म्हणजे कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेलं सवलतीचं भाडं, ते अंतराच्या टप्प्यांवर ठरतं. आणि यातली बहुतेक तिकिटं 'आर-टू' किंवा स्टँडबाय असतात, म्हणजे पूर्ण पैसे भरून आलेले सगळे बसल्यावर जागा उरली तर आपण. हातात तिकीट आहे पण जागा नाही, ही गोष्ट निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, नीट समजावून सांगा. आमच्याकडे ते राहून गेलं होतं आणि सासूबाई गेटसमोर दोन तास "आपलं नाव का घेत नाहीत गं?" विचारत बसल्या होत्या.

सीट मॅप पाहून निर्धास्त होणं

वेबसाइटवर पंचवीस खुर्च्या मोकळ्या दिसल्या की मंडळी बॅगा भरायला घेतात. पण मोकळी दिसणारी खुर्ची विकली गेलेली नाही, असं नसतं. सीट निवडायला जादा पैसे पडतात म्हणून कितीतरी प्रवासी ती आधी निवडतच नाहीत. विचारायचा तो 'लोड': बुकिंग किती झालंय, आणि आपल्या पुढे स्टाफची किती नावं आहेत. हा दुसरा आकडा विचारायला बहुतेक जण विसरतात. क्रम कुठे नोकरीच्या ज्येष्ठतेवर लागतो, कुठे चेक-इनच्या वेळेवर. परक्या कंपनीत तर तिची स्वतःची माणसं आधी, मग आपण. लोड आदल्या रात्री पाहा आणि निघताना पुन्हा पाहा. मधेच एखादं उड्डाण रद्द झालं, तर त्यातले प्रवासी पुढच्या विमानात येतात आणि रात्री दिसलेल्या आठ जागा सकाळी उरत नाहीत. शक्यतो दिवसाचं पहिलं विमान धरा. ते हुकलं तरी पुढची हाताशी असतात.

कधीकधी खुर्च्या खरोखर रिकाम्या असतात, तरी आपल्याला घेत नाहीत. लेहचंच बघा. विमानतळ दहा हजार फुटांहून उंचावर, हवा विरळ, आणि ऊन चढेल तशी ती आणखी विरळ होते. विमानाला वजन कमी ठेवूनच उडावं लागतं. तिथे "अहो, जागा दिसतेय की" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. लेहहून परतताना हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा.

कोण थांबणार, हे आधी न ठरवणं

ही चूक आमची, आणि सगळ्यांत महागात पडलेली. दिल्लीहून मुंबईला यायचं होतं, रात्रीचं शेवटचं विमान. मी, दोन मुलं आणि सासूबाई. गेटवरची मुलगी म्हणाली, "दोन जागा आहेत, लगेच सांगा." मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी मुलांकडे. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. त्याने माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. आम्ही "तुम्ही जा", "नको, तूच जा" करत राहिलो, तोवर त्या जागा यादीतल्या पुढच्या जोडप्याला गेल्या. त्या मुलीची काहीच चूक नव्हती, तिला दार बंद करायचं होतं.

आता घरीच कागदावर लिहून निघतो. एक जागा मिळाली तर कोणीच नाही. दोन मिळाल्या तर सासूबाई आणि थोरली पुढे, मी आणि धाकटा मागे. तीन मिळाल्या तरी तेच, कारण त्या वयाच्या मुलाला एकटं मागे ठेवता येत नाही. प्रत्येक जोडीकडे आपापलं ओळखपत्र, पैसे, चार्जर. जमलं तर दोन्ही जोड्यांचं लिस्टिंगही, म्हणजे विमानाच्या स्टाफ यादीत नाव घालणंही, वेगवेगळ्या पीएनआरवर करून घ्या.

आणि औषधं! त्या रात्री सासूबाईंचं इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत होतं. बॅग खाली उतरवून आमच्या हातात यायला दीड तास गेला. तो दीड तास मी विसरणार नाही. इन्सुलिन एरवीही सामानात टाकू नये, तिथे ते गोठायची भीती असते. स्टँडबायवर जाताना हातातली बॅगच बरी.

परदेशात अडकल्यावर काय, याचा विचार न करणं

लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर, नियमातली एखादी सवलत लागू नसेल तर, ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फक्त विमानतळाच्या आतल्या बदलापुरता असेल तर बाहेर पडून हॉटेल गाठता येत नाही. पुढचं विमान भरलेलं निघालं की रात्र खुर्चीत काढायची. नुकसानभरपाईची आशाही धरू नका: युरोपचा २६१/२००४ हा नियम सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांना लागूच होत नाही. म्हणून एका कन्फर्म तिकिटाइतके पैसे बाजूला ठेवूनच निघा. सख्ख्या भाचीचं लग्न, मुलांची परीक्षा किंवा संपत आलेला व्हिसा असेल, तर सरळ पूर्ण भाड्याचं तिकीट काढा.

काउंटरवर आवाज चढवणं

तक्रार आपल्या नावावर जात नाही, ती घरातल्या कर्मचाऱ्याच्या नावावर जाते. सवलत काही महिने बंद होऊ शकते, कधी कायमचीही. शेजारच्या प्रवाशाला आपण किती भरले ते सांगू नका. कंपनीने कपड्यांबद्दल काही नियम घातले असतील तर ते पाळा. ओळखीतल्या कुणाला पैसे घेऊन असं तिकीट देणं तर थेट नोकरीवर बेततं.

जागा मिळाली नाही तर गेट सोडण्याआधी तीन गोष्टी विचारा: आपलं नाव पुढच्या विमानाच्या यादीत गेलं का (ते आपोआप जातंच असं नाही), बॅग कुठल्या पट्ट्यावर येईल, आणि न वापरलेल्या तिकिटाचे पैसे परत मागायची मुदत कधीपर्यंत आहे.