नोटीस येण्याआधी

शक्तिपीठ महामार्गाची नोटीस येण्याआधी घरात एक जाड वही आणून ठेवा. फोटो मोबाइलमध्ये असू देत, पण तारीख, जागा आणि हजर माणसं वहीत लिहिलेली हवीत. मोजणीची गाडी कधी आली, ड्रोन कुठल्या डोंगरावर फिरला, मोजणीचा रंगवलेला दगड कुणाच्या काजूच्या बागेत सापडला, विचारल्यावर काय उत्तर मिळालं, हे ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी लिहा. एका जुन्या प्रकल्पाच्या वेळी आमच्या वाडीने हे केलं नव्हतं. सगळ्यांना सगळं आठवत होतं, पण प्रत्येकाची तारीख वेगळी निघाली आणि सुनावणीत आमचीच माणसं एकमेकांना खोडून काढू लागली. त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते.

हे लिहितेय ते सावंतवाडी तालुक्यातल्या आणि आसपासच्या डोंगरगावांसाठी. शक्तिपीठ महामार्ग वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत, १२ जिल्ह्यांतून ८०२ किलोमीटर, सहापदरी आखला गेला. पहिल्या आखणीत तो आंबोली, गेळे, पारपोली, फुकेरी, डेगवे असा बांद्याकडे उतरत होता, म्हणजे सह्याद्रीच्या ऐन रानातून. पुढे चंदगडच्या बाजूने नेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. बाजू बदलली तरी डोंगर तोच आहे. म्हणून वहीसोबत एक फाइल करा आणि तिच्यात प्रत्येक आखणीचा नकाशा, प्रत्येक अधिसूचना, वर्तमानपत्रातली जाहिरात पूर्ण पानासकट ठेवा. नुसतं कात्रण नको, वरची तारीख दिसली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, तेव्हा आमच्याकडे काहींनी कागद बांधून माळ्यावर टाकले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि माळ्यावर पुन्हा शिडी लावावी लागली.

नकाशासाठी गावातल्या शिकलेल्या मुलांपैकी दोघांना कामाला लावा. वनजमीन किंवा अभयारण्य लागतं तिथे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर चढवावा लागतो, आणि त्यासोबत आखणीची केएमएल फाइल असते. ती गुगल अर्थवर उघडली की रेघ कुणाच्या परसातून जाते ते दिसतं. पण रेघ बघून थांबू नका. मोठा कागद घेऊन अंगणात बसा आणि म्हाताऱ्या माणसांना बोलवा. बारमाही झरा कुठला, व्हाळ म्हणजे ओढा कुठून फुटतो, उन्हाळ्यात पाणी धरणारी बाव म्हणजे विहीर कुठली, देवराईची हद्द कुठवर, गुरं वर कुठल्या वाटेने जातात, गवे शेतात कुठून उतरतात, स्मशान कुठे, हे सगळं त्या कागदावर आलं पाहिजे. आमच्या आईने एका दुपारी नऊ झरे सांगितले. सरकारी नकाशात त्यातले दोन होते.

आता पावसाळ्याबद्दल, आणि हे सावकाश वाचा, कारण या यादीतलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं. पर्यावरण परिणाम अहवालासाठी परिसराची माहिती एका ऋतूत गोळा केली तरी चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. आपल्याकडचं बरंचसं जगणं तर पावसाळ्यातच वर येतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोली टोड नावाचा छोटा भेक २००९ साली विज्ञानाला नवीन म्हणून नोंदला गेला, तो जगात फक्त या भागात सापडतो, आणि त्याची वीण पहिल्या पावसात, जांभ्याच्या कातळावरच्या उथळ पाण्यात होते. फेब्रुवारीत दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला तो कातळ उजाड दिसणार आणि अहवालात ‘पडीक’ लिहिला जाणार. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला ठरलेल्या जागी जाऊन फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश चालू ठेवा, बेडकांचे आवाज मोबाइलवर टिपा. झऱ्याचं पाणी कळशी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि लिहा. डोंगराला भेग पडलेली दिसली, माती सरकलेली दिसली, तर बाजूला काठी उभी करून फोटो काढा, म्हणजे मोठेपणा कळतो. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी काय कोसळलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात महामार्गाचा भाग खचला. बोगदा काढू, म्हणजे वरचं रान तसंच राहील, असं कुणी सांगितलं तर बोगद्यातून निघालेला दगड कुठे टाकणार आणि आतून फुटलेला झरा परत कसा जोडणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

जनावरांच्या नोंदी वनखात्याकडे आहेतच, पण आपल्याही हव्यात. राधानगरी अभयारण्यापासून खाली तिलारी, गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प इथपर्यंत हा एकच सलग पट्टा आहे. मधल्या आंबोली–दोडामार्ग आणि तिलारीच्या रानांना संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला तो याच कारणाने. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात दिसलेला वाघ पुढे काळीत कॅमेऱ्यात आला, तो या डोंगरांमधूनच चालत गेला असणार. वन्यजीव कायद्याच्या ३८-ओ कलमात दोन राखीव क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनीचं संरक्षण सांगितलं आहे. सार्वजनिक हितासाठी ती वळवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो. हरकतीत हे कलम नावानिशी घाला. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या आदेशाची प्रतही फाइलमध्ये असू द्या. गवा, शेकरू, धनेश, दोडामार्गकडून येणारे हत्ती, जे दिसलं ते तारखेने. नुकसानभरपाईसाठी वनखात्याने केलेले जुने पंचनामे शोधून काढा. हत्तीने माड मोडल्याचा पंचनामा म्हणजे इथे हत्ती येतो याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा.

जमिनीचे कागद हे आपलं दुखणं. आंबोली, गेळे आणि चौकुळमध्ये कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे संस्थानकाळात कबुलायत देऊन गावाने सामाईक धरलेल्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला, काही गावांत आकारीपड, म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनी आहेत, काही सातबाऱ्यांवर खाजगी वनाचा शेरा आहे. ज्याची चूल त्या जमिनीवर आहे त्याचं नाव उताऱ्यावर नसेल तर हरकत कुणाच्या नावाने घ्यायची, इथून वाद सुरू होतो. वहिवाटीचं जे काही असेल ते एकत्र करा: घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, काजू-कोकम विकल्याच्या पावत्या, आजोबांच्या नावाचा कुठलाही कागद. सातबारा सामाईक असेल तर मुंबईतल्या चुलत्यांना आत्ताच फोन करा. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा आरतीनंतर सगळे एका ठिकाणी असतात, तेव्हाच हरकतीच्या को‍ऱ्या कागदावर नाही, तर वाचून दाखवलेल्या मजकुरावर सह्या घ्या. कोऱ्या कागदावर सही कुणीही, कुणालाही देऊ नये, आपल्या समितीलासुद्धा.

ग्रामसभेचा ठराव करताना गणपूर्ती नीट मोजा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. हजेरीपटावर सह्या, सूचक आणि अनुमोदक यांची नावं, ठरावाचे कारणासह शब्द, आणि त्याच आठवड्यात शिक्क्याची प्रत. ‘महामार्गाला विरोध’ एवढंच लिहिलेला ठराव कमी पडतो. कुठला झरा, कुठली देवराई, किती घरं, हे त्यात यायला हवं. एक गोष्ट स्पष्ट माहीत असू द्या, म्हणजे पुढे फसल्यासारखं वाटणार नाही: वनजमीन वळवताना ग्रामसभेची संमती लागते हा नियम रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना केंद्राने फेब्रुवारी २०१३ मध्ये सैल केला. पण वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा अजून दाखल नसेल तर हे काम ठरावाच्याही आधी करा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज छोटा लिहा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाच प्रश्न असतील तर पाच अर्ज, प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराला ३० दिवस लागतात. भूसंपादनाच्या जाहिरातीत हरकतीसाठी दिलेली मुदत त्याहून कमी असू शकते. जाहिरात आल्यावर माहिती मागायला गेलात तर उत्तर हातात पडेपर्यंत मुदत निघून जाईल. अर्ज आज टाका. आणि कुठलाही कागद कचेरीत देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय जागचे हलू नका.

गोव्यातल्या मोलेच्या लोकांकडून एक गोष्ट घ्या. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटरचं ते रान. एप्रिल २०२० मध्ये, सगळा देश घरात बंद असताना, अनमोडच्या महामार्गाचं चौपदरीकरण, रेल्वेचं दुपदरीकरण आणि तमनार वीजवाहिनी असे तीन प्रकल्प त्या रानावर आले. लोकांनी तिन्ही एकत्र धरून विरोध केला. वन्यजीव अभ्यासकांनी, विद्यार्थ्यांनी, चित्रकारांनी, पर्यटन व्यवसायातल्या लोकांनी आपापल्या नावाने वेगवेगळी पत्रं लिहिली. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदरला रेल्वेफाटकावर हजारो माणसं रात्रभर बसली. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध शिफारस केली आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द ठरवली. मला यातली पत्रं फार महत्त्वाची वाटतात. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या तर कचेरीत ती एक हरकत म्हणून निकाली काढता येते. काजूवाल्याने काजूचं लिहावं, शाळेतल्या बाईंनी मुलांच्या वाटेचं, होमस्टे चालवणाऱ्याने पावसाळी पर्यटकांचं, मधवाल्याने मधाचं. भाषा मोडकी असली तरी चालेल.

‘तुम्ही विकासाच्या आड येता’ हे ऐकावं लागेल, आणि त्याचं उत्तर रागाशिवाय देता आलं पाहिजे. उत्तर खरं आहे, म्हणून सोपं आहे. रुग्णाला गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात नेताना रस्त्यात जीव वरखाली होतो तो आपल्याच माणसाचा. आपल्याला रस्ते हवेतच: आहे तो आंबोली घाट पावसात सुरक्षित राहावा, वाडीपर्यंतची वाट धड व्हावी, एसटी वेळेवर यावी. ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा सहापदरी रस्ता आपल्या वाडीच्या डोक्यावरून जाईल, त्याचा उपयोग वाडीला किती? आणि नागपूर–रत्नागिरी महामार्ग असताना दुसरा कशाला, हा प्रश्न पठारावरचे शेतकरी विचारतच आहेत. त्यांच्याशी फोन चालू ठेवा. त्यांची ऊसाची जमीन जाते, आपलं रान जातं, पण कागद एकच आहे.

गावात चार घरं मोबदल्याकडे डोळे लावून असतील. त्यांच्याशी बोलणं तोडू नका. कुणाचं कर्ज असेल, कुणाच्या मुलीचं लग्न असेल. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, मोबदला बागेच्या किती वर्षांच्या उत्पन्नाइतका होतो त्याचा हिशेब त्यांच्याच आकड्यांवर बसून करा. पटलं नाही तर तिथेच सोडा. सार्वजनिक सभेत त्यांचं नाव घेऊन कुणी बोलणार नाही, हे समितीत आधीच ठरवा.

जनसुनावणी लागली तर तिची जाहिरात निदान ३० दिवस आधी यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो आणि जाडजूड असतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत तो बघायला मिळतो. प्रकरणं वाटून घ्या, एकेका मुलाकडे एक. वनस्पतींची यादी गावातल्या जाणत्या वैदूला वाचून दाखवा, इथे नसलेलं झाड त्यात निघालं तर तेही नोंदवा. सुनावणीच्या दिवशी बोलणारे बारा जण ठरलेले असावेत, त्यात निम्म्या बाया, कारण झऱ्याचं पाणी त्याच भरतात. प्रत्येकाने तीन मिनिटांचं लिहून आणावं आणि लेखी प्रतही द्यावी. मालवणीत बोललात तरी हरकत नाही, फक्त आपलं वाक्य नोंदवलं जातंय ना ते विचारा. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, लहान मुलं सांभाळायला दोन आजी. सुनावणीचं चित्रीकरण होतंच, आपणही करा. शेवटी इतिवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं, आणि ते होईस्तोवर मंडप बराचसा रिकामा झालेला असतो. आपल्या गावची माणसं तेव्हा जागेवर हवीत. परतीची शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असेल, म्हणून दोन जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा.