हॉस्पिटल गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी निवेदन कसं लिहावं

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दरवर्षी दोघं-तिघं तरी मला फोन करतात. "ताई, आमच्या हॉस्पिटलच्या गव्हर्नर निवडणुकीला उभं राहायचंय, निवेदन जरा बघाल का?" मी बघते. (गव्हर्नर म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी सभासदांनी निवडून दिलेला प्रतिनिधी.) जवळजवळ प्रत्येक मसुद्यात एकच चूक असते, आणि ती त्यांना कुणीतरी शिकवलेली असते: "तुमचं कर्तृत्व ठळकपणे मांडा." नोकरीच्या अर्जाला हा सल्ला चालतो. गव्हर्नरच्या निवडणुकीत तो उमेदवाराला पाडतो. मीही पहिल्यांदा त्याच सल्ल्यावर लिहिलं आणि पडले. तीन वर्षांनी पुन्हा उभी राहिले तेव्हा निवडून आले, आणि पुढे सलग दोन टर्म काम केलं.

आधी दोन गोष्टी तपासा

तुम्ही ट्रस्टचे, म्हणजे तुमचं हॉस्पिटल ज्या संस्थेचं आहे तिचे, सभासद आहात का आणि तुमच्या भागाची जागा या वेळी रिकामी आहे का, हे बघून घ्या. सभासदत्व फुकट असतं. सोळा वर्षांवरच्या, ट्रस्टने ठरवलेल्या भागात राहणाऱ्या कुणालाही ते घेता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडसाठी जो दहा वर्षांचा आरोग्य आराखडा मांडला, त्यात फाउंडेशन ट्रस्टांवरची (सभासद आणि गव्हर्नर असणाऱ्या अशा ट्रस्टांवरची) गव्हर्नर ठेवण्याची सक्ती काढायचं म्हटलं आहे. त्यामुळे तुमच्या ट्रस्टमध्ये निवडणूक खरंच जाहीर झाली आहे ना, हे ट्रस्टच्या कार्यालयाला विचारून पक्कं करा.

तारखांकडे मात्र नीट लक्ष द्या. फाउंडेशन ट्रस्टांच्या निवडणुकीच्या नमुना नियमांप्रमाणे निवडणुकीची सूचना मतदान संपण्याच्या किमान 40 दिवस आधी निघते आणि अर्जाची मुदत किमान 28 दिवस आधी संपते. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे यात धरत नाहीत. म्हणजे कधीकधी तुमच्या हातात कामाचे जेमतेम बारा दिवस उरतात. सूचना येण्याची वाट न बघता निवेदन आधीच लिहायला घ्या.

गव्हर्नर काय करतो आणि काय करत नाही

हे समजल्याशिवाय एक ओळही लिहू नका. फाउंडेशन ट्रस्ट 2003 च्या कायद्याने आले आणि पहिले ट्रस्ट एप्रिल 2004 मध्ये सुरू झाले. हॉस्पिटल चालवतं ते संचालक मंडळ. त्यात पगारी अधिकारी असतात, तसेच बाहेरून नेमलेले नॉन-एक्झिक्युटिव्ह संचालक असतात. गव्हर्नरांचं मंडळ वेगळं. त्यात जनतेतून आणि रुग्णांतून निवडून आलेल्यांचं बहुमत असावंच लागतं.

2012 च्या कायद्याने गव्हर्नरांची दोन मुख्य कर्तव्यं लिहून ठेवली. संचालक मंडळाच्या कामगिरीबद्दल नॉन-एक्झिक्युटिव्ह संचालकांना जाब विचारणं हे पहिलं. सगळ्या सभासदांचं आणि जनतेचं हित मांडणं हे दुसरं. शिवाय अध्यक्ष आणि नॉन-एक्झिक्युटिव्ह संचालक नेमणं, गरज पडली तर काढणं, त्यांचं मानधन ठरवणं, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला मान्यता देणं, लेखापरीक्षक नेमणं आणि दुसऱ्या ट्रस्टमध्ये विलीन होण्यासारख्या मोठ्या व्यवहारांना मंजुरी देणं हेही गव्हर्नरांकडे असतं.

वॉर्डातली ड्यूटी, पार्किंगचे दर, तातडीच्या विभागातली रांग, नर्सेसची भरती यांतलं काहीही गव्हर्नर ठरवत नाही. माझ्या पहिल्या निवेदनात मोठ्या अक्षरांत होतं, "पार्किंगचे दर कमी करीन." सभासदांच्या सभेत एका निवृत्त बसचालकाने शांतपणे विचारलं, "पार्किंगचे दर गव्हर्नर ठरवतात का?" मला उत्तर येत नव्हतं. तो माणूस पुढच्या रांगेत बसला होता, हातात आमच्या सगळ्यांच्या निवेदनांची पुस्तिका होती, आणि त्याने माझ्या वाक्याखाली पेनने रेघ मारलेली होती. त्या रेघेने मला जे शिकवलं ते कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेने शिकवलं नाही. मतदार वाचतात. सगळे नसतील, पण जे मत देतात ते वाचतात.

अवघड जागा: आपला अनुभव प्रश्नात बदलणं

बाकीचं सगळं एका संध्याकाळी होतं. ही एकच पायरी माझी तीन वर्षं खाऊन गेली, म्हणून इथे सावकाश सांगते.

उभं राहावंसं वाटतं त्याला बहुतेक वेळा हॉस्पिटलमधला एखादा दिवस कारण असतो. पण निवेदन लिहायला बसलं की आपण तो दिवस बाजूला ठेवतो आणि पदव्या मांडतो. किंवा तो दिवस तक्रार म्हणून लिहितो. दोन्ही वाया जातं. पदव्यांतून कळतं तुम्ही कोण आहात, पण मंडळात बसून काय कराल ते कळत नाही. तक्रार असेल तर ती पॅल्सकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या रुग्ण सल्ला सेवेकडे, आजच घेऊन जा. त्यासाठी निवडणूक लढवायची गरज नाही. निवेदनात हवा तो दिवस, आणि त्या दिवसातून निघालेला असा प्रश्न, जो एक गव्हर्नर नॉन-एक्झिक्युटिव्ह संचालकांना मंडळाच्या बैठकीत विचारू शकेल.

माझंच उदाहरण घ्या. सासूबाई चार दिवस वॉर्डात होत्या. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. त्यांनी साडीवर कोट चढवला, पिशवी मांडीवर घेतली आणि पलंगाच्या कडेला बसल्या. संध्याकाळी सहापर्यंत तशाच बसून होत्या. घरी न्यायची औषधं खालच्या फार्मसीतून वर यायची होती, तेवढंच कारण. त्यांच्या पलंगासाठी कुणीतरी तातडीच्या विभागात ट्रॉलीवर झोपलेलं असणार, हे मला परतताना गाडीत उमगलं.

पहिल्या वेळी मी यातलं काहीच लिहिलं नाही. लिहिलं ते असं:

"माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात 19 वर्षांचा अनुभव, नेतृत्वगुण, उत्तम संवादकौशल्य. रुग्णसेवेबद्दल तळमळ. संधी दिल्यास ती सार्थ करीन."

दुसऱ्या वेळी हे लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"माझ्या सासूबाईंना साडेदहाला घरी जायला सांगितलं आणि औषधं संध्याकाळी सहाला मिळाली. साडेसात तास एक पलंग अडकून होता. घरी जायला निघालेले रुग्ण औषधांसाठी किती वेळ थांबतात, हा आकडा संचालक मंडळापुढे येतो का? येत असेल तर गेल्या वर्षभरात तो सुधारला का? येत नसेल तर का नाही? नॉन-एक्झिक्युटिव्ह संचालकांना मी हे विचारीन, आणि मिळालेलं उत्तर सभासदांना कळवीन."

दुसऱ्या मसुद्यात एकही आश्वासन नाही. "औषधं लवकर मिळवून देईन" असं मी म्हटलेलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. विचारणं आणि कळवणं माझ्या हातात होतं, आणि ते मी पुढची सहा वर्षं केलं.

हा बदल करायला एकच पद्धत मला उपयोगी पडली. कोऱ्या कागदावर तो दिवस तासातासाने लिहून काढा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे कोण मोजतं? कोणाला कळवतं? कळल्यावर कोणी काय केलं? बऱ्याच ओळींपुढे काही सुचणार नाही. जिथे सुचेल तिथे तुमचा प्रश्न आहे. मग संचालक मंडळाच्या शेवटच्या दोन-तीन बैठकांचे कागद ट्रस्टच्या संकेतस्थळावर उघडा. ते सर्वांसाठी खुले असतात. तो विषय त्यात आहे का बघा. असला तर प्रश्न अधिक नेमका करता येतो. नसला, तर तो का नाही हाच तुमचा प्रश्न. शक्य असेल तर मंडळाच्या एका खुल्या बैठकीला जाऊन मागे बसा. दोन तासांत कळतं की तिथे कशा भाषेत विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

इथे काही सावधगिरी. वॉर्डाचं, डॉक्टरचं, नर्सचं नाव लिहू नका, कौतुकासाठीसुद्धा नाही. घरच्या माणसाच्या आजाराबद्दल लिहिणार असाल तर त्यांना आधी वाचून दाखवा. सासूबाईंनी माझ्या मसुद्यातून आजाराचं नाव काढायला लावलं, आणि ते बरोबरच होतं. आणि एकच प्रसंग घ्या. तीन प्रसंग आले की वाचणाऱ्याला फक्त राग दिसतो.

"आपल्या समाजाचा आवाज"

हे वाक्य आपल्या लोकांच्या मसुद्यात हमखास असतं. मला त्यामागची भावना कळते. मराठीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या आईला तपासणीला घेऊन गेलं, दुभाषा आलाच नाही, आणि शस्त्रक्रियेतले धोके मुलाने आईला समजावून सांगितले, असं अनेकांच्या घरी घडलेलं आहे. मुलाच्या तोंडून आईने असं काही ऐकणं किती अवघड असतं ते मी पाहिलंय. हा विषय निवेदनात जरूर घ्या.

पण गव्हर्नर सगळ्या सभासदांचा असतो. त्याच वॉर्डात पोलिश आजोबा असतात, पंजाबी मावशी असतात, खुणांच्या भाषेत बोलणारा तरुण असतो. म्हणून लिहा: "दुभाष्याची नोंद असूनही तो आला नाही, अशा भेटी ट्रस्ट मोजतो का, आणि त्या वेळी संमती कशी घेतली जाते, हे मी विचारीन." यात तुमची आई आहेच, आणि मत देणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याची आईही आहे.

शब्दांचा हिशेब

शब्दमर्यादा ट्रस्टप्रमाणे बदलते. आमच्याकडे 250 होती. माझी वाटणी अशी: प्रसंगाला 70, प्रश्न आणि त्यामागच्या वाचनाला 80, स्वतःबद्दल 60, वेळ आणि संपर्काच्या तयारीबद्दल 40. स्वतःबद्दलच्या 60 शब्दांत प्रश्नाला बळ देणाऱ्याच गोष्टी येऊ द्या. हिशेब तपासण्याचं काम केलं असेल तर लिहा, कारण लेखापरीक्षक नेमायचा आहे. माणसांच्या नेमणुका केल्या असतील तर लिहा, कारण अध्यक्ष नेमायचा आहे. गणेशोत्सव समितीचं काम लिहायचं असेल तर "अध्यक्ष होतो" एवढ्यावर थांबू नका. तिथे पैशाचा जाब कोणाला आणि कसा दिला ते लिहा.

मर्यादा ओलांडू नका. काही ठिकाणी जास्तीचा मजकूर मर्यादेवर सरळ कापतात आणि तुमचं निवेदन अर्ध्या वाक्यात संपतं.

पहिल्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. उमेदवारांची यादी आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लागते. पाटील, शिंदे, वाघ यांच्यापर्यंत येईतो वाचणाऱ्याने दहा निवेदनं वाचलेली असतात, आणि त्यातली निम्मी "मी अमुक वर्षं या भागात राहतो" अशी सुरू झालेली असतात. तुमची ओळ पलंगाच्या कडेपासून सुरू होऊ द्या.

भाषा

निवेदन इंग्रजीत जातं. आपण शाळेत शिकलेली अर्जाची इंग्रजी तिथे वापरू नका. विनंती, सविनय, कृपया यांची भाषांतरं सगळी काढा. शेजारणीला फाटकापाशी उभं राहून सांगाल तशी वाक्यं हवीत. एनएचएसमधली, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली, संक्षिप्त रूपंही नकोत. दुसऱ्या उमेदवारावर एक शब्दही लिहू नका. आणि निवृत्त डॉक्टर मंडळींना खास सांगते: तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण निवेदनातून "मी असतो तर वॉर्ड असा चालवला असता" हा सूर काढून टाका. गव्हर्नर वॉर्ड चालवत नाही.

अर्जातलं बाकीचं

पक्षाचं सभासदत्व आणि ट्रस्टशी असलेले आर्थिक हितसंबंध अर्जात वेगळे जाहीर करावे लागतात. लपवू नका, निवेदनात पुन्हा लिहूही नका. फोटो साधा, चेहरा स्पष्ट दिसणारा. मतदान पसंतीक्रमाने असेल तर शेवटी "पहिली पसंती दुसऱ्या कुणाला असेल तर मला दुसरी द्या" असं लिहायला संकोच करू नका. त्या पद्धतीत दुसऱ्या पसंतीनेही माणसं निवडून येतात.

पाठवण्याआधी

निवेदन अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा ज्याला गव्हर्नर म्हणजे काय ते माहीत नाही. मी आमच्या समोरच्या घरातल्या आजींना दाखवते. वाचून झालं की कागद उलटा ठेवा आणि एवढंच विचारा, "मी निवडून आले तर काय विचारणार आहे?" त्यांनी स्वतःच्या शब्दांत प्रश्न सांगितला तर पाठवा. "तुम्ही फार अनुभवी दिसता" असं म्हणाल्या, तर पुन्हा तासातासाच्या कागदाकडे जा.

पाठवताना मजकूर चिकटवल्यावर एकदा पडद्यावर पूर्ण वाचा, कारण तुम्ही पाठवाल तसंच छापलं जातं, चुकांसकट. निवडणूक अधिकाऱ्याकडून पोच आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा, मुदतीच्या दिवशी नाही.