ज्वालामुखीच्या राखेचा माग ऑनलाइन कसा काढावा: आधी उंची, मग नकाशा

उद्रेकाची बातमी येते आणि तासाभरात कुणीतरी उपग्रहाचं एक चित्र उचलतं, त्यावर बाण काढतं आणि राख उद्या कुठे पोचणार हे सांगून मोकळं होतं. गेली अनेक वर्षं मी उद्रेकांचा माग ठेवतो आहे आणि असे बाण चुकताना सतत पाहतो. कारण जवळजवळ दर वेळी एकच असतं: राख किती उंचीवर आहे हे न ठरवताच ती कुठे जाणार हे सांगितलेलं असतं. वातावरणात वर जावं तसा वारा दिशाही बदलतो आणि वेगही. विवरातून सरळ वर उठणाऱ्या राखेच्या एकाच स्तंभातली खालची राख पश्चिमेला आणि वरची पूर्वेला जाऊ शकते. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या भराभर उरकतो. घोडं पेंड खातं ते उंचीपाशी, आणि तिथे आपण थांबणार आहोत.

पहिली पायरी: मूळ माहिती गाठा

बातम्यांची संकेतस्थळं सोडा. ज्या देशात तो पर्वत आहे तिथली वेधशाळा उघडा: इंडोनेशियाची पीव्हीएमबीजी, फिलिपिन्सची फिव्होल्क्स, इटलीची आयएनजीव्ही, आइसलँडचं हवामान कार्यालय, अमेरिकेची यूएसजीएस. दुसऱ्या खिडकीत त्या भागाचं ज्वालामुखी राख सूचना केंद्र ठेवा, म्हणजे विमानांसाठी राखेच्या सूचना काढणारं केंद्र. जगात अशी नऊ केंद्रं आहेत: लंडन, तुलूझ, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, ब्वेनोस आयर्स, डार्विन, वेलिंग्टन आणि टोकियो. राखेचा ढग एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की जबाबदारीही सोपवली जाते, त्यामुळे सूचना अचानक थांबल्या तर शेजारचं केंद्र तपासा.

पर्वत नावावरून शोधू नका, स्मिथसोनियन संस्थेच्या यादीतल्या सहा आकडी क्रमांकावरून शोधा. एटनाचा २११०६०, आइसलँडच्या एयाफ्याट्लायोकुट्लचा ३७२०२०. नावाची स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळी सापडते, क्रमांक बदलत नाही.

सगळ्या नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत करा. स्थानिक वेळ आणि यूटीसी एकाच वहीत मिसळले की कुठलं चित्र आधीचं आणि कुठलं नंतरचं हेच कळेनासं होतं.

वेबकॅम जरूर बघा. उद्रेक सुरू आहे का, एवढंच त्यावरून ठरवा. समाजमाध्यमांवर फिरणारा व्हिडिओ पर्वताच्या आकाराशी जुळवून पाहिल्याशिवाय धरू नका, कारण जुने उद्रेक दर वेळी नवे म्हणून फिरतात.

दुसरी पायरी: सूचना वैमानिकाच्या नजरेने वाचा

या सूचना विमानांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यामागे कारण आहे. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरच्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कात रिडाउटच्या राखेत केएलएमच्या विमानाचं तेच झालं. दोन्ही विमानं इंजिनं पुन्हा सुरू होऊन सुखरूप उतरली. राख म्हणजे बारीक काच आणि खडकाचा चुरा. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या पात्यांवर चिकटून बसते.

म्हणून सूचनेत उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) असतो. ‘एसएफसी/एफएल४५०’ म्हणजे जमिनीपासून ४५,००० फुटांपर्यंत, साधारण १३.७ किलोमीटर. एफएलपुढच्या आकड्याला दोन शून्यं जोडली की फूट मिळतात. त्याखाली ढगाच्या कडेचे अक्षांश-रेखांश, ढगाची दिशा, आणि पुढच्या ६, १२ आणि १८ तासांचा अंदाज असतो.

इथे दोन गोष्टींत माणसं हमखास फसतात. एक म्हणजे दिशा. ढग ‘ईशान्येला’ सरकतो आहे याचा अर्थ तो ईशान्येकडे चालला आहे. हवामानाच्या भाषेत मात्र वाऱ्याला तो जिथून येतो तिथलं नाव असतं, म्हणजे या ढगाला ढकलणारा वारा नैर्ऋत्येचा. हे डोक्यात पक्कं नसेल तर तुमचा नकाशा थेट उलटा होतो.

दुसरी गोष्ट उंची कुठून मोजली आहे ही. काही वेधशाळा राखस्तंभाची उंची शिखरापासून सांगतात, विमानांच्या सूचना समुद्रसपाटीपासून. इंडोनेशियाचा सेमेरू ३,६७६ मीटर उंच आहे. तिथे ‘स्तंभ १,००० मीटर’ असं वाचलंत तर राख समुद्रसपाटीपासून ४,६७६ मीटरवर असते आणि सूचनेत ती एफएल१५० च्या आसपास दिसते. दोन्ही आकडे बरोबर असतात. ‘अधिकारी आपसात विसंगत बोलत आहेत’ असा आरडाओरडा करण्यापूर्वी शिखराची उंची मिळवून पाहा.

नकाशावरचा बहुकोन राखेने गच्च भरलेला असतो असंही समजू नका. राख जिथे असू शकते त्या भागाभोवती आखलेलं ते कुंपण आहे.

तिसरी पायरी: रंग ओळखा, पण रंगावर विसंबू नका

हिमावरी, गोज आणि नवे मेटिओसॅट हे भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या वर स्थिर दिसणारे, उपग्रह दर दहा मिनिटांनी पृथ्वीच्या आपल्या समोरच्या अख्ख्या बाजूचं चित्र देतात. स्लायडरसारख्या संकेतस्थळावर त्यांची ‘अ‍ॅश आरजीबी’ ही, राख ओळखण्यासाठी कृत्रिम रंग दिलेली, चित्रं फुकट मिळतात. तत्त्व असं: सिलिकेटची राख ११ मायक्रॉन तरंगलांबीजवळची अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं १२ मायक्रॉनच्या किरणांपेक्षा जास्त शोषते. पाण्याचे आणि बर्फाचे ढग याच्या उलट वागतात. या फरकाला रंग दिला की राख लालसर-गुलाबी दिसते, सल्फर डायऑक्साइड हिरवा, आणि दोन्ही मिसळले की पिवळसर.

‘गुलाबी दिसलं की राख’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. वाळवंटातली धूळही याच चित्रात गुलाबी दिसते. उलट बाजूनेही फसगत होते. उद्रेकाच्या पहिल्या तासाभरात स्तंभ इतका दाट असतो की किरणं आरपार जातच नाहीत. तेव्हा तो एखाद्या गडगडाटी ढगासारखाच दिसतो, गुलाबी छटा नावालाही नसते. राखेवर बर्फ चढला तरी खूण पुसली जाते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा ज्वालामुखीने प्रचंड प्रमाणात समुद्राचं पाणी वर फेकलं. अशा पाणीदार उद्रेकात गुलाबी रंगाची वाट पाहत बसलात तर हाती काही लागत नाही.

म्हणून एकटं चित्र कधीच पाहू नका. उद्रेकाच्या एक तास आधीपासूनची चित्रमालिका चालवा. जो ढग विवराच्या ठिकाणी जन्मला आणि तिथूनच पसरत गेला तो आपला. बाकी कितीही गुलाबी असो, सोडून द्या.

चौथी पायरी: उंची

२०१९ च्या जूनमध्ये कुरील बेटांवरचा राइकोके फुटला. १९२४ नंतरचा त्याचा हा पहिलाच उद्रेक, त्यामुळे मी रात्रभर जागा होतो. ढगमाथ्याचं तापमान अवरक्त चित्रातून वाचलं, जवळच्या हवामान फुग्याच्या नोंदीत तेच तापमान शोधलं, उंची मिळाली साडेनऊ किलोमीटर. त्या उंचीच्या वाऱ्यावरून मी ढगाची वाट आखली आणि ओळखीच्या दहाबारा जणांना कळवली. सकाळी ढग माझ्या रेघेवर नव्हता. त्याचा वरचा भाग सुमारे १३ किलोमीटरवर, स्थितांबरात (वातावरणाच्या दुसऱ्या थरात) गेला होता.

चूक कुठे झाली हे कळायला मला पुढचे दोन उद्रेक लागले, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगतो.

तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, वर जाताना हवा किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. पण हे तपस्तब्धीपर्यंतच, म्हणजे तपांबराच्या वरच्या सीमेपर्यंत. तिथे घसरण थांबते आणि वर स्थितांबरात तापमान स्थिर राहतं किंवा पुन्हा वाढू लागतं. म्हणजे उणे ५० अंश हे एकच तापमान दोन वेगळ्या उंचींवर सापडतं, एक तपस्तब्धीच्या खाली आणि एक वर. मी खालची उंची सापडताच थांबलो होतो. तपस्तब्धी विषुववृत्ताजवळ १६-१७ किलोमीटरवर असते, ध्रुवांकडे ८-९ वर. उत्तरेकडच्या ज्वालामुखीची राख त्यामुळे फार लवकर ती ओलांडते. फुग्याच्या नोंदीत दोन उंची मिळत असतील तर दोन्ही लिहून ठेवा आणि पुढच्या परीक्षेला लावा.

तापमानाची पद्धत आणखी दोन प्रकारे दगा देते. ढग पातळ असेल तर खालच्या जमिनीची ऊब त्यातून झिरपते, ढग उबदार भासतो आणि उंची खरीपेक्षा कमी निघते. उलट वेगाने वर घुसणारा स्तंभाचा माथा आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो, मग त्या तापमानाला जुळणारी उंची नोंदीत सापडतच नाही. तापमानावरून काढलेली उंची हा फक्त पहिला अंदाज आहे. ती अंतिम म्हणून कुणाला सांगू नका.

माझा खरा भरवसा वाऱ्याशी ताळा करण्यावर आहे. चित्रमालिकेत ढगाची एक ठळक कड निवडा. एक तासाच्या अंतराने तिची दोन ठिकाणं नोंदवा. समजा ती ९० किलोमीटर पूर्वेला सरकली, म्हणजे वेग सुमारे ४९ नॉट. आता वाऱ्याच्या नकाशावर त्या जागी प्रत्येक थर उघडा. थरांना हवेच्या दाबाचे आकडे असतात: ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण दीड किलोमीटर, ७०० म्हणजे तीन, ५०० म्हणजे साडेपाच, ३०० म्हणजे नऊ, २०० म्हणजे बारा, १०० म्हणजे सोळा. ज्या थरात दिशा आणि वेग दोन्ही जुळतात, ती त्या कडेची उंची. नुसती दिशा जुळली म्हणून थांबू नका. वेग जुळत नसेल तर थर चुकला आहे. आणि ही उंची त्या कडेची आहे, पूर्ण ढगाची नव्हे. ढग पंख्यासारखा पसरत असेल किंवा त्याचे दोन फाटे होत असतील, तर प्रत्येक फाट्याचा ताळा वेगळा करा. राइकोकेच्या वेळी मी हे एकदा जरी केलं असतं तरी वरचा फाटा सुटला नसता.

पहिल्या तासात मात्र ही पद्धत वापरू नका. जोरदार उद्रेकात स्तंभाचा माथा छत्रीसारखा सगळीकडे, वाऱ्याच्या विरुद्धही, स्वतःच्या रेट्याने पसरतो. ती चाल वाऱ्याची नसते. छत्री पसरायची थांबली आणि ढग एका बाजूला झुकू लागला की मोजायला घ्या.

सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य खाली असताना, सावलीही कामाला येते. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या कोनाचा) टॅन्जंट, एवढंच गणित. सूर्य १० अंशांवर आणि सावली ६० किलोमीटर असेल तर ढग सुमारे साडेदहा किलोमीटरवर. सावली समुद्रावर पडायला हवी. ती दुसऱ्या ढगांवर पडली असेल तर मिळालेल्या आकड्यात त्या ढगांची उंची मिळवा.

अजून एक इशारा. भूस्थिर उपग्रह तिरपा पाहतो, त्यामुळे उंच ढग खऱ्या जागेवरून सरकलेला दिसतो. ढगाच्या जागेवरून उपग्रह बरोबर डोक्यावर नसून तिथून ६० अंश कललेला असेल तर १५ किलोमीटर उंचीचा ढग जवळजवळ २६ किलोमीटर बाजूला दिसेल. ढग विवराच्या डोक्यावर दिसत नाही म्हणून ‘नवीन विवर उघडलं’ असं जाहीर करणारे मी पाहिले आहेत. हाच सरकपणा दोन उपग्रहांतून मोजला की उंची मिळते. हुंगाचा स्तंभ सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत पोचला होता हे शास्त्रज्ञांनी याच रीतीने दाखवलं.

पाचवी पायरी: वाट आखा

अमेरिकी हवामान संस्था नोआचं हायस्प्लिट हे, वाऱ्यांवरून ढगाची वाट काढणारं, साधन ऑनलाइन चालतं. विवराची जागा, वेळ आणि तुमची उंची भरा. एकच उंची कधीही भरू नका. तीन भरा, तुमची, त्याच्या दोन किलोमीटर वरची आणि दोन किलोमीटर खालची. तिन्ही रेघा एकत्र राहिल्या तर अंदाज सांगण्याजोगा आहे. फाकल्या तर गप्प बसा.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी फुटला तेव्हा या पायरीचं महत्त्व पुन्हा दिसलं. राख सुमारे १४ किलोमीटरपर्यंत गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवरून दुसऱ्या दिवशी उत्तर भारतावर पोचली. इतक्या दूर इतक्या लवकर ती आली ती वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांमुळे. असा ढग शोधायचा तो विमानांच्या उंचीवर. जमिनीवरच्या हवा-गुणवत्ता केंद्रांच्या आकड्यांत तो शोधू नये.

विमानं वळसा घालताना दिसली म्हणून तिथे राख आहे असंही म्हणू नका. ती अंदाजाच्या बहुकोनाला टाळतात.

सहावी पायरी: गंधकाची नोंद, आणि कधी थांबावं

सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमारास, सल्फर डायऑक्साइडचा नकाशा देतं. तो देखणा असतो आणि म्हणून राखेचा नकाशा म्हणून फिरतो. वायू आणि राख बरेचदा वेगळ्या उंचीवर असतात, वेगळे होतात आणि वेगळ्या वाटांनी जातात. जड राख खाली बसते, वायू दिवसेंदिवस तरंगत राहतो. नकाशाखाली ‘वायू’ असं स्पष्ट लिहूनच तो पुढे पाठवा.

शेवटी सूचनेत ‘उपग्रहावरून राख ओळखता येत नाही’ असा शेरा येतो. त्याचा अर्थ राख संपली असा नाही. वर पाण्याचे ढग असतील किंवा राख पातळ झाली असेल, तरी हाच शेरा असतो. त्याच्या खालची ओळ वाचा: पुढची सूचना कधी येणार ती वेळ दिलेली असेल तर माग चालू ठेवा. पुढची सूचना निघणार नाही असं लिहिलं असेल, तर शेवटची यूटीसी वेळ आणि उंची नोंदवा आणि वही बंद करा.