टूरिंग सायकलला मागचं हलकं कॅरिअर कसं निवडायचं

दिवाळी झाली, जरा थंडी पडली की कोल्हापुरातनं सायकलवर कोकणात उतरायचे बेत सुरू होतात, कुणी गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडीला, कुणी राधानगरीमार्गे फोंडा घाटानं, कुणी आंबोलीवरनं थेट गोव्याला. आणि मग ठरलेला प्रश्न येतो, मागं कॅरिअर कुठलं लावू, हलक्यातलं सांग. मी आधी उलटं विचारतो, सामान किती किलो आहे? बहुतेकांनी ते मोजलेलंच नसतं, आणि कॅरिअर चुकतं ते तिथंच.

म्हणून पहिलं काम, सगळं सामान खरोखर बॅगांत भरा आणि वजन करा. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग दोन्ही बॅगा हातात घेऊन, फरक तेवढा कागदावर लिहून ठेवायचा. बॅगांचं स्वतःचं वजन सोडायचं नाही, चांगल्या वॉटरप्रूफ बॅगांची मोठी जोडी रिकामीच जवळपास दोन किलो भरते. लॉजवर मुक्काम करणार असाल तर सगळं मिळून आठ-दहा किलोत भागतं, तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह घेतला की पंधराच्या पुढं जातं. त्यावर तीन-चार किलो जास्तीचे धरा, कारण वाटेत पाण्याच्या बाटल्या वाढतात आणि येताना कोकणातनं काजू-आमसुलं घेतली जातातच.

आता कॅरिअरवर कोरलेला आकडा बघा. बऱ्याच कॅरिअरवर 10, 18, 25 असा किलोचा आकडा असतो. तुमच्या सामानाचा आकडा त्याच्या बराच खाली पाहिजे, काठावर नको, कारण कंपनीचा आकडा वेगळा आणि आपल्याकडचे खड्डे वेगळे, खड्ड्यात चाक आपटलं की तेच सामान कॅरिअरच्या पायांवर कितीतरी जड होऊन आदळतात.

मग हलकं म्हणजे किती हलकं? जर्मनीतल्या ट्युबस कंपनीचं कार्गो हे स्टीलचं कॅरिअर सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि 40 किलो पेलतं. त्यांचंच टायटॅनियमचं एअरी अडीचशे ग्रॅमच्या आत बसतं, पण किंमत ऐकून आपण गप्प बसतो. साधी ॲल्युमिनियमची कॅरिअर साधारण सहाशे ते आठशे ग्रॅमची. म्हणजे स्टील जड आणि ॲल्युमिनियम हलकं हे इथं सरसकट खरं नाही, चांगल्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत) स्टीलचा बारीक पोकळ पाइप ॲल्युमिनियमच्या जाड दांडीच्या बरोबरीत येतो. आणि वाचवून वाचवून किती वाचणार, तीनशे-चारशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी पाणी. एक जास्तीची जीन्स घरी ठेवली तर त्याहून जास्त वाचतं.

हे मी एवढं पोटतिडकीनं का सांगतोय तर माझं ॲल्युमिनियमचं कॅरिअर गगनबावड्याच्या रस्त्यावर असळजच्या पुढं मोडलं. त्यावर 25 किलो लिहिलेलं, माझं सामान चौदा. डाव्या पायाचा खालचा बोल्ट सैल होऊन कधी गळून पडला कळलंच नाही, त्यामुळं सगळा भार उजव्या पायावर आला, प्रत्येक खड्ड्याला तो पाय पिळत राहिला आणि शेवटी वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी चीर पडून तुटला. जवळच्या गावात वेल्डिंगचं दुकान होतं, त्या माणसानं हातात घेतलं, नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाला, "दादा, ह्ये ॲल्युमिनियम हाय, माझ्याकडं जमायचं न्हाई." त्यानंच बांबूची एक चीप काढून दिली, जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली आणि मी बॅग पाठीवर घेऊन हळूहळू परत आलो. ॲल्युमिनियमला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं, ते इथं कोल्हापुरात उद्यमनगरात मिळेल, घाटाच्या तोंडाला नाही मिळणार. स्टीलचं असतं तर गॅसवर पितळ ओतून तिथंच जोडता आलं असतं. (साध्या रॉडचं वेल्डिंग मात्र बारीक पाइपला करू देऊ नका, भोक पडतं.) म्हणून लांबच्या टूरला मी स्टीलच सुचवतो, शनिवार-रविवारच्या फेरीला ॲल्युमिनियम खुशाल घ्या.

दुसरं, दुकानात जायच्या आधी आपली सायकल नीट बघा. मागच्या एक्सलजवळ फ्रेमला दोन्ही बाजूंना आटे पाडलेली छिद्रं आहेत का, आणि वर सीटखालच्या दोन तिरक्या पाइपांना आहेत का? चारही असतील तर प्रश्न मिटला. हा बोल्ट जवळपास सगळीकडं एम 5 (म्हणजे 5 मिमी जाडीचा) असतो, 4 मिमीच्या ॲलन कीनं फिरतो. वरची दोन नसतील तर छिद्रं असलेला सीट क्लॅम्प मिळतो, तो चालतो. खालची नसतील तर पाइपभोवती आवळायचे रबर लावलेले पत्र्याचे पी-क्लिप बसवता येतात पण ते हलक्या सामानापुरतंच, आणि कार्बनच्या फ्रेमवर तर अजिबात नाही. थ्रू-एक्सलवाल्या (चाकातनं आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा जाड एक्सल असलेल्या) सायकलींसाठी ओल्ड मॅन माउंटन कंपनीसारखी कॅरिअर मिळतात, ती खास एक्सलवरच बसतात. नुसत्या सीटपोस्टला आवळायचं कॅरिअर दिसायला सुटसुटीत आणि हलकं, पण ते हवेत लोंबकळल्यासारखं असतं, साधारण दहा किलोच्या आतलं काम, चढाला उभं राहून पेडल मारलं की मागं डुलतं. मी टूरसाठी घेणार नाही.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) कुठं आहे बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो. डिस्कसाठीचं वेगळं मॉडेल घ्यायचं, नाहीतर लेथवाल्याकडनं ॲल्युमिनियमच्या दांडीचे दोन बुश (फ्रेम आणि कॅरिअरच्या पायामध्ये घालायचे पोकळ तुकडे) करून घ्यायचे, बोल्ट त्या हिशेबानं लांब. पण बुश जितका लांब तितका बोल्टवर ताण जास्त, म्हणून लागेल तेवढाच.

टाचेचं बघणं बरेच जण विसरतात. बॅग लावून पेडल उलटं फिरवा, आपले नेहमीचे बूट घालून. टाच आणि बॅगेच्यात दोन बोटं तरी जागा पाहिजे. रोड सायकलचा मागचा भाग आखूड असतो, तिथं बॅगा मागं सरकवता येतील असं लांब कॅरिअर बघावं, पण फार मागं नेलं तर चढाला पुढचं चाक हलकं पडून हँडल भिरभिरतं. बॅगेचा भार एक्सलच्या वरच राहील हे बघायचं.

बॅगेचे हुक आणि कॅरिअरचा पाइप एकमेकांना घट्ट बसले पाहिजेत. ऑर्टलिब कंपनीच्या बॅगांचे हुक 16 मिमीपर्यंतचा पाइप घेतात आणि बारीक पाइपसाठी हुकात घालायचे प्लास्टिकचे तुकडे येतात, ते घातले नाहीत तर बॅग दिवसभर खडखडते आणि पाइपचा रंग खरवडून गंज धरतो. पावसाळ्यात जाणार असाल तर अजून एक, हलकी कॅरिअर वरनं उघडी असतात, चिखल सरळ पाठीवर, मडगार्ड वेगळं लागतंच.

आता बसवणं. माझं मोडलं ते इथल्याच चुकीनं, म्हणून हे घाईत करू नका. छिद्रात रंग भरलेला असला तर एम 5 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. चारही बोल्ट आधी हातानंच सैल लावा, कॅरिअर सरळ आलंय बघा, मग खालचे दोन आणि नंतर वरचे दोन आवळा. बोल्ट स्टेनलेसचे, आट्यांवर निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव). डाव्या बाजूला बोल्टचं टोक फ्रेमच्या आतल्या बाजूला बाहेर आलं तर त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) लावा. उजवीकडं मात्र आत टोक येऊ द्यायचं नाही, चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर टाकून चाक हातानं फिरवा, टोक चेनला घासत असेल तर बोल्ट आखूड घ्या. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्टसुद्धा एम 5 च असतात, वाटेत एखादा हरवला तर तिथला काढून वापरता येतो, त्या दिवशी बोल्ट गेलाय हे मला वेळेत दिसलं असतं तर एवढ्यावरच पाय तुटायच्या आत सावरलं असतं.

शेवटी पूर्ण सामान लावून पन्हाळ्याला जाऊन या. वाघबीळचा चढ उभं राहून चढा आणि उतरताना सायकल मागनं डुलते का ते हँडलवरनंच कळतं. डुलत असेल तर जड सामान बॅगेच्या तळाशी घाला, तरी डुललं तर कॅरिअर तुमच्या सामानाला कमी पडतंय. घरी आल्यावर चारही बोल्टांना ॲलन की लावून बघा, पहिल्या फेरीनंतर एखादा तरी पाव आटा फिरतोच.